जुन्या चेन लोडरची चेन उतरते, फायनल ड्राइव्ह गळतो: आधी काय उघडायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी. गोव्यातल्या खाणीवर काही वर्षं नुसता उभा असलेला कॅटरपिलर ९५५ एल (चाकांऐवजी पोलादी चेनवर चालणारा लोडर) तुम्ही लिलावात घेतला आणि मुरूम भरायला लावला. आता डावीकडे वळताना डावी चेन उतरते. ग्रीस मारून चेन ताणली, तरी उतरतेच. डाव्या स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) मागून, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या गिअरपेटीतून, फायनल ड्राइव्हमधून, तेल गळतं आणि चालताना करकर येते. एक जण सांगतो दोन्ही चेन आणि स्प्रॉकेट नवीन टाका. दुसरा म्हणतो दातांवर वेल्डिंग भरून घ्या, दोन सीझन निघतील.

दोघांनाही थोडं थांबायला सांगा. गळती आणि चेन उतरणं हे दोन वेगळे रोग आहेत असं तुम्ही धरून चालला आहात. दोन्ही एकाच बाजूला, एकाच वेळी सुरू झाले असतील तर माझा पहिला संशय डाव्या स्प्रॉकेटच्या हबमधल्या बेअरिंगवर जातो. ते ढिलं झालं की स्प्रॉकेट डोलतं. डोललं की सीलचे दोन चेहरे (एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग) एकमेकांपासून सुटतात आणि तेल बाहेर येतं. तेच डोलणारं स्प्रॉकेट वळताना चेनला सरळ धरत नाही. अशा यंत्रावर नवी चेन टाकली तर तीही उतरेल, आणि उतरताना नव्या लिंकच्या (चेनच्या दुव्यांच्या) बाजू खाऊन टाकेल.

म्हणून आजच करायचं काम म्हणजे डाव्या फायनलचा ड्रेन प्लग. यंत्र रात्रभर उभं राहू द्या. सकाळी सुरू न करता प्लग सावकाश ढिला करा आणि पहिलं जे येईल ते काचेच्या बरणीत धरा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे असेल तर तेच आधी येतं. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधे काही चालू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा बंद पडल्या. तिथून निघालेल्या बऱ्याच यंत्रांचा इतिहास असाच: तास कमी, पावसाळे जास्त. उभ्या यंत्रात तेलाच्या पातळीवर बेअरिंगला गंज धरतो. शंकूच्या रोलरचे ठसे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर, म्हणजे कपावर, ठरावीक अंतराने काळ्या रेघांसारखे उमटतात. असं बेअरिंग हाताने फिरवलं तर गुळगुळीत वाटेल, भाराखाली मात्र थोड्याच दिवसांत सोलपटतं.

बरणीतलं तेल दुधासारखं असेल तर पाणी. चिखलासारखं, दोन बोटांत चोळल्यावर वाळू लागत असेल तर सील पूर्ण गेलंय आणि माती आत फिरते आहे. चुंबकाच्या प्लगवर राखाडी लोण्यासारखा लेप थोडा असायचाच, त्याला घाबरू नका. चंदेरी, पातळ, टोकदार पापुद्रे दिसले तर बेअरिंग किंवा गिअरचा पृष्ठभाग सुटतोय. नखाएवढा किंवा मोठा तुकडा मिळाला तर यंत्र त्या जागेवरून एक फूटही हलवू नका. तुटलेला दात दोन गिअरच्या मधे सापडला की केसिंग फुटतं, आणि या वयाच्या यंत्राचं केसिंग शोधत फिरणं म्हणजे भंगारवाल्यांच्या दारी उभं राहणं.

त्याच बैठकीत स्टिअरिंग क्लचच्या खणाचा खालचा प्लगही पाहा. क्लच कोरड्या प्रकारचे असतील तर तिथून तेल येता कामा नये. आलं तर फायनलच्या आतल्या बाजूचं, पिनियन शाफ्टचं सीलही गेलं आहे. मग गळती दोन ठिकाणची आहे आणि उघडण्याचं काम मोठं आहे हे आधीच कळेल.

आता डोलणं. डावी बाजू मागून जॅकवर घ्या. सुमारे १५ टनांचं यंत्र आहे. जॅक फक्त उचलण्यापुरता, भार लाकडी स्लीपरच्या चौकटीवर यायला हवा. पुढची बाजू बकेटने दाबून उचलायची आणि तशीच बकेटवर ठेवून खाली काम करायचं, ही सवय ठिकठिकाणी दिसते. हायड्रॉलिकची एक होज फुटली की यंत्र खाली. चेन ढिली केल्यावर स्प्रॉकेटच्या काठाला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावा आणि पहारीने स्प्रॉकेट आतबाहेर हलवा. बेअरिंगला प्रीलोड (बसवतानाच दिलेला थोडा दाब) असतो, म्हणजे काटा जवळपास हलायलाच नको. उघड्या डोळ्यांना हालचाल दिसली तर गेजची गरजही नाही. मग स्प्रॉकेट सावकाश पूर्ण फेरी फिरवून काठ वाकडा फिरतो का ते बघा. बेअरिंग घट्ट असूनही काठ लचकत असेल, तर शाफ्ट वाकलेला किंवा हब नीट न बसलेला. स्प्रॉकेटच्या दातांच्या बाजू बघा: एकाच अंगाने चकाकत असतील, आणि लिंकच्याही त्याच अंगाने घासल्याच्या खुणा असतील, तर स्प्रॉकेट रांगेत नाही.

स्प्रॉकेट मजबूत निघालं, तर चेन उतरण्याचं कारण पुढे शोधायचं. कोणाला तरी बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं करून यंत्र हळू वळवा आणि चेन पहिल्यांदा कुठे चढते ते पाहायला सांगा. आयडलरवर (पुढच्या मोकळ्या चाकावर) चढत असेल तर आयडलरच्या बाजूच्या गाइड प्लेट झिजून आयडलर तिरका होत असणार. तिथे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) देऊन बरंच काम भागतं. चेन ताणणाऱ्या ग्रीस सिलिंडरचं सीलही तपासा. रॉडवर खडूने खूण करा, ग्रीस भरा, तासभर काम करा. रॉड मागे सरकला तर सील गेलं, आणि तुम्ही रोज सकाळी ताणता ती चेन दुपारपर्यंत परत सैल होते. आयडलर जरा धक्का बसला की सहज मागे जात असेल तर आतली, धक्के झेलणारी रिकॉइल स्प्रिंग तुटलेली असू शकते. ती स्प्रिंग कित्येक टनांच्या दाबाखाली बसवलेली असते. तिचं घर गॅसने कापायचं नाही, बोल्ट काढून उघडायचं नाही. प्रेस आणि योग्य फिक्स्चर असलेल्या ठिकाणीच पाठवायचं. या कामात माणसं मेली आहेत.

ग्रीस सोडतानाही तेच भान. रिलीफ व्हॉल्व्ह एक फेरा ढिला करायचा, तोंड आणि हात त्याच्यासमोर ठेवायचे नाहीत. चेन सैल झाली नाही म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण काढायचा नाही. यंत्र थोडं पुढेमागे करा, ग्रीस येईल.

आणि चेन ताणणं बंद करा. या आकाराच्या यंत्राला वरच्या रोलरपासून आयडलरपर्यंत सरळ पट्टी ठेवली तर मधे साधारण २५ ते ४० मिमी झोळ हवा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला घ्या. मोजताना यंत्र पुढे चालवून ब्रेक न मारता आपोआप थांबू द्या, आणि चेनमधला चिखल काढू नका, कारण काम त्याच चिखलासकट होणार आहे. चिखल स्प्रॉकेटच्या दातांत आणि बुशखाली (लिंक जोडणाऱ्या पिनवरच्या नळीखाली) भरला की चेन आपोआप ताणली जाते. रिकाम्या यंत्रावर बरोबर वाटणारा झोळ काळ्या मातीत तासाभरात नाहीसा होतो. ताठ चेनचा सगळा भार पिन-बुश, आयडलरचं बेअरिंग आणि तुमचं ते आधीच दुखावलेलं फायनल, या तिघांवर जातो. डोलणाऱ्या हबवर चेन ताणली की बेअरिंगचं उरलंसुरलं आयुष्यही संपतं.

आता फायनल उघडायचा ठरला तर. या पठडीतल्या यंत्रांत दुहेरी रिडक्शन असतं: पिनियन, मधला गिअर, शेवटचा मोठा बुल गिअर, आणि त्याच्या हबवर स्प्रॉकेट. स्प्रॉकेट टेपर स्प्लाइनवर प्रेसने चढवलेलं असतं. घणाने ते निघत नाही. निघालंच तर केसिंगला तडा गेलेला असतो. हायड्रॉलिक पुलर भाड्याने आणा. मोठा नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे शिल्लक ठेवा. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून स्प्रॉकेट उडी मारतं, आणि ती उडी त्या नटाने अडवायची असते. पुलरला दाब देऊन ठेवला आणि सुटत नसेल तर हबला थोडी ऊब द्या, पण लाल करू नका. आजूबाजूला कोणी उभं नको.

आत गेल्यावर प्रत्येक शिम कुठून निघाला ते दोऱ्यात ओवून, चिठ्ठी लावून ठेवा. बुल गिअरच्या दातांवर बारीक खड्डे असतील, तेही दाताच्या मध्यरेषेजवळ आणि टोकापर्यंत न पसरलेले, तर तो गिअर अजून चालेल. पोपडे सुटले असतील, किंवा दाताच्या मुळाशी केसासारखी चीर असेल, तर चालणार नाही. मुळाची चीर डोळ्याला दिसत नाही, डाय पेनिट्रंट (चीर दाखवणारा रंग) मारून बघा. खर्च मामुली आहे.

बेअरिंग बदलायचं तर कप आणि कोन (रोलरसकट आतला भाग) दोन्ही. नुसता कोन बदलून जुना कप ठेवणारे फिटर आहेत. त्यांना नमस्कार करून घरी पाठवा. प्रीलोड मापूनच द्यायचा. शिम कमी-जास्त करायचे, हबला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढायचं आणि सतत फिरत असतानाचा आकडा पुस्तकाशी जुळवायचा, सुरुवातीच्या झटक्याचा नाही. हा आकडा सील लावण्याआधी घ्या, कारण सीलचं घर्षण मापात मिसळतं.

सीलबद्दल जरा थांबून सांगतो, कारण फायनलची नव्वद टक्के परत आलेली कामं इथे बिघडलेली असतात, असा माझा अनुभव आहे. कॅटवाले त्याला ड्युओ-कोन म्हणतात, कोमात्सू-बेमलवर हात बसलेले फ्लोटिंग सील म्हणतात. चीज एकच: दोन धातूच्या कड्या, चेहऱ्याला चेहरा लावून फिरणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या मागे एक जाड रबरी रिंग. रबर कडीला दाबही देतं आणि फिरवतंही. त्यामुळे रबरावर आणि ते बसतं त्या उतारावर तेलाचा थेंबही नको. तिथे तेल लागलं की रबर घसरतं, कडी फिरायची थांबते आणि सील पहिल्याच आठवड्यात गळतं. फिटर मंडळी नेमकं उलटं करतात: सहज बसावं म्हणून रबराला ग्रीस लावतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही घरं, रबर आणि कड्यांची मागची बाजू पुसून पूर्ण वाळू द्या. चकचकीत चेहऱ्यांवर मात्र स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पातळ तेलाचा हात फिरवा. ते फक्त चेहऱ्यांनाच.

रबर पिळलेलं बसता कामा नये. बसवल्यावर कडीची घरापासूनची उंची चार ठिकाणी मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रबर कुठेतरी फुगलं आहे, काढून परत बसवा. दाबायला बसवायचं गोल टूल वापरा, स्क्रूड्रायव्हरने ढोसू नका. कड्या जोडीने घासलेल्या असतात, डावीची एक आणि उजवीची एक असा संसार लावायचा नाही.

जुन्या कड्या परत वापरता येतील का, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं. नव्या कडीवर संपर्काचा पट्टा बाहेरच्या काठाजवळ, बारीक असतो. झिजेल तसा तो आत सरकतो. पट्टा मध्याच्या बाहेर असेल आणि आडव्या रेघा नसतील तर नवं रबर घालून कड्या चालतील. आतल्या काठाला पोचला असेल तर संपल्या. पण तुमच्याकडे एवढं सगळं उघडलेलं असताना मी नवीनच टाकेन. एका सीलसाठी हे सगळं परत उघडण्याची मजुरी सीलच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे.

शाफ्टचं विसरू नका. बऱ्याच अशा यंत्रांत स्प्रॉकेट फिरतं तो शाफ्ट केसमध्ये घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकाला ट्रॅक फ्रेमचा आधार असतो. तो बाहेरचा आधार झिजला की सगळा भार आतल्या बाजूवर लोंबकळतो. नवं बेअरिंग, नवं सील, आणि सहा महिन्यांत पुन्हा तीच गळती, अशी यंत्रं बहुतेक वेळा इथे फसलेली असतात.

आता चेन आणि स्प्रॉकेटचा निर्णय, जो तुम्हाला सगळ्यात आधी हवा होता. तो मोजल्याशिवाय होत नाही. स्प्रॉकेटच्या दातात एक जुनी पिन अडकवून यंत्र हळूच मागे घ्या म्हणजे वरची चेन ताणली जाईल. मग एका पिनच्या काठापासून चौथ्या लिंकपुढच्या पिनच्या त्याच काठापर्यंत मोजा आणि चारने भागा. मास्टर पिन (चेनची दोन टोकं जोडणारी पिन) या मापात येऊ देऊ नका. उदाहरणाला कॅटच्या डी-६ डोझरच्या वर्गाची चेन घेऊ: नवा पिच (दोन पिनमधलं अंतर) २०३ मिमी, चार लिंक ८१२. तिथे ८२५ भरलं तर दर लिंक सुमारे ३ मिमी लांबली. ही लांबी लिंकमध्ये वाढलेली नसते, पिन आणि बुश यांच्यामधली झीज असते. याशिवाय बुशचा बाहेरचा व्यास, लिंकची उंची आणि रोलरच्या धावेचा व्यास कॅलिपरने घ्या आणि तक्त्याशी ताडा. दोन्ही बाजूंचं घ्या, डावी-उजवीतला फरकही बरंच सांगतो.

चेन लांबली की बुश दाताच्या खोबणीत न बसता टोकाकडे चढून बसतो, आणि दोघंही एकमेकांना खातात. म्हणून जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन किंवा उलट, हा सगळ्यात महाग पडणारा स्वस्त उपाय आहे. लोडरमध्ये ही झीज डोझरपेक्षा लवकर येते, कारण निम्मा वेळ तो मागेच जात असतो, आणि वेगात रिव्हर्स जाताना बुश दातावर दाबाखाली फिरत जास्त घासतो. अनेक स्प्रॉकेटना दातांची संख्या विषम ठेवलेली असते, त्यामुळे बुश एका फेरीत एकाआड एक दात पकडतो आणि पुढच्या फेरीत उरलेले. दात सारखे झिजावेत म्हणूनची ही योजना. तुमच्या स्प्रॉकेटवर दात विषम असूनही एकाआड एक झिजलेले दिसत असतील, तर आधीच्या मालकाने काहीतरी चुकीचं बसवलंय.

बुश एकाच अंगाने झिजतात. दुसरं अंग कोरं असतं. लिंकची उंची चांगली शिल्लक असेल, बुशला तडे नसतील आणि बाहेरचा कडक थर संपलेला नसेल, तर पिन-बुश १८० अंशात फिरवून घ्या. त्यासाठी ट्रॅक प्रेस लागते, १००-२०० टनांची. कोणत्या जागेवर असेल ते विचारा; बांधकाम यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या मोठ्या गावांत मिळते. बुशचा कडक थर काही मिलिमीटरच असतो. तो ओलांडला की पुढची झीज झपाट्याने होते, आणि तेव्हा फिरवण्यात अर्थ नाही. बुशवर वेल्डिंग भरणं मला मान्य नाही: कडक केलेल्या पोलादावर भर घातली की तडे जातात, आणि तडा गेलेला बुश ऐन कामात तुटतो. रोलर आणि आयडलरच्या धावेवर मात्र सबमर्ज्ड आर्कने (पावडरीखाली होणाऱ्या यंत्राच्या वेल्डिंगने) भर चांगली होते, करून घ्या. सोबत रोलरचे सीलही बदलून घ्या.

स्प्रॉकेटच्या दातांवर हाताने वेल्डिंग भरून आकार काढणं तात्पुरतं आहे, दाताचा घाट बरोबर येत नाही. त्याऐवजी दातांची रिम विकत मिळते. जुनी रिम कापून, हब जागेवर ठेवून नवी वेल्ड करतात. तुमचं फायनल चांगलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, कारण सील उघडावं लागत नाही. करायचंच झालं तर आधी ऊब द्या, कमी हायड्रोजनचा, ७०१८ जातीचा रॉड वापरा, वेल्डिंगचे छोटे तुकडे समोरासमोर घालत जा म्हणजे रिम वाकणार नाही, आणि अर्थचा क्लॅम्प थेट रिमवरच लावा. फ्रेमला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर खड्डे पाडतो. हे वेल्डरला दोनदा सांगा.

खिशात मर्यादित पैसे असतील तर माझा क्रम: आधी फायनलची बेअरिंग-सील, दोन्ही बाजूंनी जमलं तर उत्तम, नाहीतर उजवीचं तेल तरी तपासून. मग आयडलरचे गाइड आणि ग्रीस सिलिंडर. मग पिन-बुश फिरवणं आणि त्याच वेळी रिम. मग रोलर. लोडरचे पुढचे रोलर जास्त झिजतात, कारण बकेट भरताना भार पुढे येतो. ते मागे आणि मागचे पुढे टाकून काही काळ निघतो. फक्त एका कडेचे आणि दोन कडांचे रोलर यांचा क्रम मोडू नका, आयडलर आणि स्प्रॉकेटच्या शेजारी एका कडेचेच लागतात. चेनच्या जमिनीला लागणाऱ्या प्लेट शेवटी. ग्राउझर (प्लेटवरचे आडवे कंगोरे) झिजलेले असले तरी मुरमात भरणाऱ्या लोडरला तेवढं अडत नाही.

प्लेटचे बोल्ट परत लावताना जुने वापरू नका. लिंक आणि प्लेटमधला रंग-गंज घासून काढा, बोल्टला पुस्तकातला सुरुवातीचा टॉर्क द्या आणि मग आणखी १२० अंश फिरवा. इम्पॅक्ट गनने नुसते आवळून सोडलेले बोल्ट पहिल्याच खडकाळ जागेत सैल होतात, आणि सैल प्लेट लिंकची भोकं लांबट करते. मग नवा बोल्टही टिकत नाही.

तेल पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचंच. उष्ण भागात फायनलला घट्ट, एसएई ५० चं ट्रान्समिशन-ड्राइव्ह तेल चालतं. सवयीने ९० नंबर ओतण्याआधी आपल्या यंत्राची यादी पाहा. पहिले काही तास भार न देता, दोन्ही बाजूंना सारखं वळवत चालवा आणि हबला हात लावून बघा. डावा उजव्यापेक्षा बराच गरम लागत असेल तर प्रीलोड जास्त आहे. पन्नास-एक तासांनी तेल काढून चुंबकाचा प्लग परत बघा. त्यावरचा लेप पुसून कागदावर तारीख आणि तास लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच्याशी ताडायला.